बुरसटलेली वैरण आणि धाप

वैरणीच्या धुळीनें फार तर शिंका येतील, असें समजूं नये. १९३२ सालीं इंग्लंडांत कॅम्पबेल या डॉक्टरांनीं बुरसटलेलें गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या श्वासरोगाचें वर्णन केलें. ओलसर गवताची गंजी आंतून तापते. त्या उबेंत सूक्ष्म जंतु वाढतात व त्यांचे बीजकण धुळीबरोबर फुप्फुसांत उतरतात. हा संसर्ग नव्हे. शरीरच त्या कणांवर खवळून सूज आणतें. फसगत अशी कीं, धाप, खोकला व ताप हीं लक्षणें ४ ते ८ तासांनीं उमटतात. मग दुपारच्या कामाचा दोष रात्रीच्या गारव्यावर जातो. असें वर्षानुवर्षें चालल्यास फुप्फुसें कायमचीं निबर होतात. म्हणून वैरण खडखडीत वाळवूनच रचावी, आणि डॉक्टरांस दुखण्याबरोबर दिवसभराचें कामहि सांगावें.