वाहनाचे चाक : मोठे की योग्य?

मानपूर हे विंध्याद्रीच्या माथ्यावरील गाव. येथून आग्रा-मुंबई मार्ग घाट उतरून निमाडात जातो. कापूस, मिरची व धान्य यांच्या व्यवहारासाठी आपल्यापैकी अनेकांचे या घाटातून नित्य जाणे-येणे असते. हल्ली आपल्या तरुण मंडळींनी या कामी जीपच्या धर्तीची, चारही चाकांना ओढ असलेली वाहने घेतली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कारखान्याने बसविलेले टायर काढून त्यांच्या जागी अधिक मोठे टायर चढविण्याची जी हौस वाढत आहे, तिजविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

टायरवरील आकडे आपण हिशेबाच्या दृष्टीने वाचावेत. २०२० साली आलेल्या महिंद्राच्या थार गाडीस २४५/७५ आर १६ हे एक माप होते. यातील २४५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ७५ ही बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा प्रमाणात. आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून चाकाचा एकूण व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर होतो. त्याऐवजी २८५/७५ आर १६ बसविल्यास तो ८३४ होतो.

आता जमा-खर्च मांडू. जमेस, जमिनीपासूनची उंची व्यासवाढीच्या निम्मी, म्हणजे अवघी ३० मिलिमीटर वाढली. खर्चाची बाजू मात्र लांब आहे. वेगदर्शक ६० दाखवील तेव्हा खरा वेग ६४ च्या वर असेल. इंजिनाची ओढ शेकडा सातांनी घटेल. घाट उतरताना खालच्या गिअरात इंजिन गाडीस जे धरून ठेवते, ती धरही तितकीच सैल होईल, आणि त्याच ब्रेकांना अधिक मोठे व जड चाक थांबवावे लागेल. घरची माणसे गाडीत असताना हा तोटा कोणत्या खात्यावर टाकावयाचा?

चिखलासाठी रुंद टायर हवा, हा समजही सर्वत्र खरा नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे टायर ६.००-१६, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद होते. माळव्याच्या काळ्या मातीत वरचा थर चिकट पण खाली कठीण जमीन असेल, तर अरुंद चाक तो थर कापून खाली टेकते. नर्मदाकाठच्या वाळूत रुंदी उपयोगी खरी; परंतु तेथे हवा थोडी कमी केल्यानेही टायर पसरतो. पक्क्या रस्त्यावर येताच ती पूर्ववत भरावी, म्हणजे झाले.

म्हणून आमचे मत असे की, मूळ व्यासापासून शेकडा तिनांहून अधिक दूर जाऊ नये. खडकाळ वाटेसाठी लहान रिम व उंच भिंतीचा टायर पत्करावा. भारक्षमता मूळ टायरहून कमी नसावी. आणि नोंदणीपत्राशी विसंगत फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आड येतो, हे ध्यानी ठेवावे.

दुकानात आपण मापात कसूर खपवून घेत नाही. तोच दंडक आपल्या अंगणातील वाहनासही लावावा, इतकीच बंधुभगिनींस विनंती.