विश्लेषण : दक्षिण कोरियाच्या महिला फुटबॉलचा पाया किती पक्का?

नवी मुंबईत २०२२ मध्ये झालेल्या महिला आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरिया मध्यंतराला चीनविरुद्ध २-० असा आघाडीवर होता. अखेर चीनने ३-२ अशी बाजी मारली. विजेतेपदाच्या इतक्या जवळ पोहोचलेल्या या संघाची वाटचाल कशी झाली आणि तो अडतो कुठे?

सुरुवात कशी झाली?

१९९० च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला फुटबॉलचा प्रथमच समावेश झाला. त्यासाठी कोरियाने संघ उभा केला. पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात जपानने त्याचा १३-१ असा धुव्वा उडवला. २००३ च्या पहिल्या विश्वचषकात तिन्ही सामने गमावले.

कलाटणी कधी मिळाली?

२०१० मध्ये. २० वर्षांखालील विश्वचषकात तिसरा क्रमांक आणि त्याच वर्षी १७ वर्षांखालील गटात थेट विश्वविजेतेपद. ‘फिफा’च्या स्पर्धेत पुरुष किंवा महिला, कोणत्याही कोरियन संघाचे हे पहिलेच जेतेपद. २० वर्षांखालील संघातील जी सो-युन पुढे चेल्सीकडून खेळली. २०१५ मध्ये स्पेनला २-१ असे नमवून कोरियाने विश्वचषकाची बाद फेरी गाठली.

मग अडते कुठे?

संख्येत. २०१० चे यश मोजक्या शालेय संघांतून आले. तेव्हा देशभरात नोंदणीकृत महिला खेळाडू जेमतेम दीड हजार होत्या. २००९ मध्ये ‘डब्ल्यूके लीग’ सुरू झाली. पण २०१३ ते २०२३ अशी सलग ११ विजेतीपदे एकट्या इंचॉन संघाने पटकावली. चुरस नसेल तर प्रेक्षक मैदानाकडे कसे वळणार? २०१९ आणि २०२३ च्या विश्वचषकांत संघ साखळीतच गारद झाला.

आशा कशात आहे?

२०२१ पासून ‘एसबीएस’ वाहिनीवर अभिनेत्री, गायिका आदींचे संघ फुटबॉल खेळताना दिसू लागले. हा कार्यक्रम लोकप्रिय झाला आणि हौशी महिला फुटबॉलकडे लक्ष वेधले गेले. २०२५ मध्ये संघाने २० वर्षांनी पूर्व आशियाई अजिंक्यपद जिंकले. मात्र निर्णायक सामन्यात गोल करणाऱ्यांत ३४ वर्षांची जी सो-युन होतीच. पंधराव्या वर्षी राष्ट्रीय संघात आलेल्या खेळाडूवर आजही भिस्त राहावी, यात तिचे मोठेपण आहे, तशी व्यवस्थेची उणीवही. निवडक मुली घडवून चषक जिंकता येतो. तो पुन:पुन्हा जिंकायचा तर शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलींची संख्याच वाढवावी लागेल.