फुलणारा कांदा आपल्या सड्यावर

कांदा म्हटला की आपल्याला आठवते ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली कांद्यांची माळ. पावसाळ्याची बेगमी म्हणून ती घरात टांगायची, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. कांद्याला फूलही येते, पण शेतकऱ्याला त्याचे कौतुक नसते. पिकात डेंगळे दिसले की तो कपाळाला हात लावतो, कारण दांडा वर आला की खालचा कांदा पोसत नाही.

युरोपातल्या बागांत मात्र केवळ फुलांसाठी कांदे लावतात. मूळच्या मध्य आशियातल्या एका जातीचे जांभळे चेंडू मीटरभर उंच दांड्यावर डोलत असतात. चित्रे पाहून आपल्यालाही मोह होतो. पण माझे मत विचाराल तर पैसे पाण्यात घालू नका. त्या कंदाला फुलण्याआधी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. डिचोलीतल्या सर्वण गावात ती जानेवारीतही कुठून येणार? आणि थंडीतून निभावलाच, तर आपल्या चार महिन्यांच्या पावसात तो कुजून जाईल.

मग हौस मारायची का? मुळीच नाही. आपला रानकांदा आहे ना! खऱ्या कांद्याच्या कुळातला तो नव्हे, पण कंद हुबेहूब तसाच. ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, त्याचा लांब दांडा जमिनीतून वर येतो आणि फिकट तपकिरी फुले संध्याकाळी उमलतात. पाने येतात ती पावसाबरोबर. मुरमाड माती पुरे, पाणी साचता कामा नये. कंद विषारी असतो, म्हणून मुले आणि गुरे यांच्यापासून जपावा.

मात्र तो सड्यावरून उपटून आणू नये. बी धरून रुजवावा. या सड्यांवर, डोंगरपायथ्यांवर काय दडले आहे, ते आपल्याला अजून पुरते कळलेले नाही. दीपकाडी ही अशीच एक कंदवर्गीय वनस्पती. तिची एक नवी जात गोव्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी सापडली आणि 2009 साली तिला गोव्याचेच नाव मिळाले. इकडे पेडण्यात मोपाच्या सड्यावर 2023पासून विमाने उतरताहेत, डिचोलीत खाणींनी डोंगर पोखरले. सडा म्हणजे ओसाड जमीन, असे आपणच म्हणत आलो, मग दुसऱ्यांना दोष कसा द्यावा?

परसातला एक रानकांदा सडा वाचवणार नाही. पण ज्याच्या दारात तो फुलतो, तो सड्याला ओसाड म्हणायला धजणार नाही. एवढे झाले तरी पुष्कळ!