पुनर्वसनाच्या यादीत सांदवाडी का नाही?

बाभूळगाव तालुक्यात बेंबळा नदीवर धरण झाले आणि गावे उठली. निम्न पैनगंगा प्रकल्पाला 1997 मध्ये मान्यता मिळाली, तेव्हापासून बुडीत क्षेत्रातल्या गावांवर टांगती तलवार आहे. सीमा ओलांडलेली नाही म्हणून ही कुटुंबे शरणार्थी नव्हेत, प्रकल्पग्रस्त आहेत. उखडले जाण्याचे दुःख मात्र तेच.

2013 च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसित गावासाठी 25 सुविधा मोजल्या आहेत. रस्ता, नाली, शाळा, स्मशानभूमी, उपआरोग्य केंद्र, सगळे आहे. मानसिक आरोग्याचा उल्लेख नाही. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या यवतमाळात ही उणीव लहान नाही.

लंडनमध्ये 1990 च्या दशकात छळ सोसून आलेल्या शरणार्थ्यांसाठी ‘नॅचरल ग्रोथ प्रोजेक्ट’ सुरू झाला. तिथे समुपदेशन बंद खोलीत नव्हे, बागेच्या वाफ्यात होई. हाताला काम असले की गप्प राहणे अवघड वाटत नाही आणि बोलणेही.

आम्हालाही हाच अनुभव येतो. घरभेटीत ‘झोप लागते का?’ असे विचारले की ‘बरं आहे’ एवढेच उत्तर मिळते. जुन्या घरामागच्या सांदवाडीत काय लावत होता, असे विचारले की बाया बोलू लागतात. आपल्या समाजातल्या अनेकांच्या नावावर शेत कधी नव्हतेच. अंबाडी, वाल, शेवगा लावलेला तो तुकडा हीच त्यांची माती. मोबदल्याच्या कागदावर ती फार तर चार झाडांची किंमत होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पुनर्वसित वसाहतीत पाण्याच्या सोयीसह सामाईक बागेची जागा द्या. ‘उमेद’ची पोषण परसबाग आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम एकमेकांना जोडा. समुपदेशक ठरलेल्या दिवशी वाफ्यावर येऊ द्या. बाग म्हणजे औषध नव्हे. जगणे नकोसे वाटत असेल तर डॉक्टरच हवा. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक प्रत्येक घरात माहीत हवा.

आणि परसबाग दिली म्हणजे हक्क फिटला, असेही कोणी समजू नये. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तो कसायला जमीन मिळावी म्हणून. ती मागणी आजही उभी आहे. तोवर निदान दारामागे चार वाफे तरी हवेत.