'अटॅक आला' एवढ्यावर किती दिवस भागवायचं?

गेल्या महिन्यात खटाव तालुक्यातल्या एका गावात सावडायला गेलो होतो. गेलेला माणूस माझ्याच वयाचा. व्यसन नाही, रानात राबणारा. रात्री छातीत कळ आली, गॅस असेल म्हणून सोडा प्यायला, पहाटे गेला. राखेपाशी सगळ्यांचं एकच वाक्य, "अटॅक आला." विषय संपला.

माझं म्हणणं, विषय तिथंच सुरू होतो.

हृदय म्हणजे नुसता स्नायू, असा आपला समज. पण हृदयाचाही एक गावगाडा असतो. धडधडणाऱ्या स्नायूपेशी म्हणजे गावचा पाटील, तो सगळ्यांना दिसतो. मधल्या जागेत राबणाऱ्यांना कोण विचारतो? फायब्रोब्लास्ट आधाराचे तंतू विणतात. पेरिसाइट बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून बिलगून सांभाळतात. मॅक्रोफेज मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात. बुटक्या अंगाच्या आणि लांबच लांब शेपट्यांच्या एका पेशीला २०१० मध्ये रोमानियाच्या पोपेस्कू यांनी 'टेलोसाइट' नाव दिलं. ती वेगळी जात की फायब्रोब्लास्टचीच भावकी, हा वाद अजून मिटलेला नाही.

आता म्हणाल, हे आम्हाला कशाला? तर ऐका. अटॅकमध्ये मेलेला स्नायू जवळपास परत उगवत नाही. ती जागा फायब्रोब्लास्ट व्रणाने भरतात. तो व्रण धरला नाही तर हृदयाची भिंत फुटू शकते. पण तेच काम पुढं थांबलं नाही, तर चांगल्या भागातही तंतू माजतात, हृदय कडक होतं आणि माणूस चार पावलं चालला तरी धापा टाकतो. म्हणजे तारणारी पेशी कोणती आणि मारणारी कोणती, हे ओळखल्याशिवाय नेमकं औषध निघणार कसं?

पूर्वी ही ओळख आकारावरून आणि रंगावरून व्हायची. ट्रायक्रोम रंग दिला की स्नायू लाल आणि तंतू निळे दिसतात. आता एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत, हे वाचून जात ठरवतात. २०२० मध्ये असा हृदयाचा पहिला मोठा नकाशा आला. सुमारे पाच लाख पेशी आणि पेशीकेंद्रकं तपासली, ११ मुख्य प्रकार निघाले. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत स्नायूपेशी जेमतेम निम्म्या, वरच्यांत तर ३० टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळे बलुतेदार!

पण ती हृदयं किती जणांची? १४ जणांची, आणि तीही ब्रिटन-उत्तर अमेरिकेतल्या दात्यांची. इकडे ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या अटॅकचं मधलं वय दक्षिण आशियात ५३ निघालं, इतरत्र ५९. सहा वर्षं आधी मरणाशी गाठ आपली, नकाशा मात्र त्यांच्या हृदयाचा. हे मला पटत नाही.

कोणी म्हणेल, "पत्रकार, इथं वेळेवर ईसीजी मिळायची मारामार, तुम्ही पेशी मोजताय!" मान्य. ईसीजी आधी मिळालाच पाहिजे. पण एकासाठी भांडताना दुसरं सोडायचं कारण नाही. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं डिसेंबर १९६७ ला. तीन महिन्यांच्या आत डॉ. पी. के. सेन यांनी मुंबईच्या केईएममध्ये तो प्रयत्न केला. रुग्ण वाचला नाही, पण हिंमत आपल्याच राज्यातली होती.

मिरजेला जुनं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, साताऱ्यातही आता झालंय. माझी मागणी साधी आहे. अकाली मृत्यूत शवविच्छेदन झालं, तर नातेवाइकांच्या संमतीने हृदयाचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये तपासणीला जावा आणि अहवाल घरच्यांना मराठीत समजावून सांगावा. जनुकं वाचायला ताजा, गोठवलेला नमुना लागतो. त्यासाठी हृदयाच्या ऑपरेशनमध्ये काढून टाकलेला तुकडा, रुग्णाला विचारून, जपून ठेवायची सोय व्हावी.

आणि आपलं काम? छातीत कळ आली, घाम फुटला, तर सोडा शोधायचा नाही, गाडी काढायची. प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. आणि घरात असा प्रसंग आलाच, डॉक्टरांनी तपासणीबद्दल विचारलं, तर लगेच "नको" म्हणू नका. गेलेला परत येत नाही. पण त्याच्या पोराचं पन्नाशीत काय होणार, याचं उत्तर कदाचित त्या तुकड्यात असेल.

बघा पटतंय का.