वेबसाइटची एक कॉपी तुमच्या लॅपटॉपवर हवीच

"सर, वेबसाइटचं सगळं आमचा डेव्हलपर बघतो," हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये एकदा तरी कानावर येतंच. बघू दे की! पण माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या ऑनलाइन दुकानाची एक चालती कॉपी तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर असलीच पाहिजे, आणि कुठलाही बदल आधी तिथे करून बघायचा.

का, ते सांगतो. 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. पॅकबंद, लेबल लावलेल्या नमकीनवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला. चिवडा-चकलीवाल्यांना दिवाळीच्या तोंडावर वेबसाइटवर बदल करणं भाग पडलं. आता समजा, वूकॉमर्सवर तुमचं चिवड्याचं पाकीट करासह 112 रुपयांना आहे. टॅक्सच्या रकान्यात 12 च्या जागी 5 लिहिलं, झालं काम? नाही! किमती करासह अशी सेटिंग असेल तर गिऱ्हाईक 112च भरतं, फक्त आतला कर 12 रुपयांवरून 5 रुपये 33 पैशांवर येतो. पाकीट यायला हवं 105 ला. म्हणजे किंमतही बदलावी लागते. चालू साइटवर हे लक्षात येईपर्यंत पन्नास ऑर्डरी गेल्या, तर पन्नास लोकांकडून सात-सात रुपये जास्त घेतले गेले. कर कमी झाल्याचा फायदा मधेच अडला, आणि गिऱ्हाइकाला ते बरोबर कळतं. लॅपटॉपवर एक खोटी ऑर्डर टाकली असती तर दोन मिनिटांत दिसलं असतं.

ही कॉपी बनवायला पैसे लागत नाहीत. झॅम्प नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ते टाकलं की अपाची, डेटाबेस आणि पीएचपी एकदम मिळतं. डुप्लिकेटरसारख्या प्लगिनने साइटचं पॅकेज काढायचं, एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवायचं, पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये रिकामा डेटाबेस बनवायचा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडून इन्स्टॉल करायचं. अपाची सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा पोर्ट 80 दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रामने अडवलेला असतो. 8080 करा, चालतं. एवढी खटपट नको असेल तर वर्डप्रेससाठी 'लोकल' नावाचं अ‍ॅप आहे, तेही फुकट. मात्र पीएचपीची आवृत्ती तुमच्या होस्टिंगवर आहे तीच निवडा, नाहीतर इथे चाललेलं तिथे अडतं. आणि झॅम्प फक्त सरावापुरतं. त्यात डेटाबेसच्या रूट युझरला सुरुवातीला पासवर्डच नसतो, त्यामुळे त्यावर लोकांसाठी दुकान उघडायचं नाही.

जिथे नुकसान होतं ती जागा वेगळीच आहे. लॅपटॉपवर सगळं ठीक झालं म्हणून अख्खा डेटाबेस उचलून लाइव्ह साइटवर टाकला, की मधल्या काळात आलेल्या ऑर्डरी गेल्या! वूकॉमर्सच्या ऑर्डरी त्याच डेटाबेसमध्ये असतात ना. म्हणून लॅपटॉपवर तपासायचं, काय काय बदललं ते वहीत लिहायचं, आणि लाइव्हचा बॅकअप घेऊन तेवढेच बदल तिथे पुन्हा करायचे. कंटाळवाणं आहे, मान्य.

पेमेंट गेटवेच्या टेस्ट की वापरा. ईमेल पाठवणारं प्लगिन बंद ठेवा, नाहीतर तुमच्या खोट्या ऑर्डरीचे मेल खऱ्या गिऱ्हाइकांना जातील. आणि त्या कॉपीत लोकांचे पत्ते, फोन नंबर असतात, तेव्हा तो लॅपटॉप घरात सगळ्यांना वापरायला मोकळा नको.

काही जण म्हणतील, होस्टिंगवरच स्टेजिंगची सोय मिळते की. मिळते, आणि ती वापराही. पण ती होस्टिंगवाल्याच्या घरात. डेव्हलपरशी बिनसलं किंवा होस्टिंगचं खातं त्याच्याच नावावर निघालं, तर तुमच्या हातात काय राहतं? उत्पादनांचे फोटो, दर, पाच वर्षांची गिऱ्हाइकं, सगळं त्याच्याकडे. त्यामुळे लॅपटॉपवर काही टाकण्याआधी एक फोन करा आणि होस्टिंगचा लॉगिन मागून घ्या. तो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर चिवड्याच्या किमतीआधी तो विषय मिटवा.