वेसण

खांदेमळणीच्या सायंकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी धावड्यास घरीं आला. त्यास तोंडाचा कर्करोग झालेला. “गुरुजी, अंगातलीच ताकद जागी करणारं औषध निघालंय म्हणतात. मग माझी ताकद झोपली कशी?” समोरच्या गोठ्यांत बैलांस नव्या वेसणी घालणें चाललें होतें, तिकडे बोट दाखवून आम्हीं त्यास जें सांगितलें, तेंच वाचकांपुढें ठेवितों.

आपल्या रक्तांत टी-पेशी नांवाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगग्रस्त पेशी ओळखून त्यांचा नाश करणें हें त्यांचें काम. परंतु बैल कितीही गुणी असला तरी वेसणीवांचून त्यास उभ्या पिकांत कोणी नेत नाहीं. टी-पेशींवरही अशीं निग्रह करणारीं प्रथिनें असतात. सीटीएलए-४ हें त्यांस आरंभींच, चेतना मिळतांना आवरतें. पीडी-१ हें पुढें, प्रत्यक्ष लढ्याच्या जागीं, त्यांचा आवेश उतरवितें. हा निग्रह नसता तर त्या आपल्याच शरीरावर उलटल्या असत्या. कर्करोगाची लबाडी अशी कीं, पुष्कळदां तो पीडी-एल१ हें प्रथिन अंगावर मिरवून नेमकी हीच वेसण ओढतो. रक्षक निजलेला नसतो. त्यास आवरून धरलेलें असतें.

ही वेसण सोडविण्याची वाट दाखविल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन व जपानचे तासुकु होंजो यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु औषध अतिशय महाग. तेव्हां मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांतील डॉक्टरांनीं पीडी-१ रोखणारें निव्होलुमॅब हें औषध तीन आठवड्यांनीं एकदां अवघें २० मिलिग्रॅम देऊन पाहिलें. रूढ मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅमची. सोबत कमी खर्चाच्या गोळ्या होत्या. डोकें व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण या प्रयोगांत होते. २०२२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले शेंकडा सुमारें १६, औषध जोडल्यावर ४३.

हा रोगाचा समूळ नाश नव्हे. शिवाय मोकळ्या झालेल्या पेशी कधीं आंतडीं, फुप्फुसें, कंठग्रंथी यांवरही तुटून पडतात; म्हणून तज्ज्ञांची देखरेख हवीच. विद्यार्थ्यास आम्हीं मुंबईस जाण्याचा सल्ला दिला आणि हे आंकडेही सांगितले. खोटी आशा दिली नाहीं.

उठतांना त्यानें तंबाखूची डबी आमच्या ओट्यावर ठेविली. वाचकहो, ही एक वेसण आपल्याच हातीं असते. तोंडांतील जखम तीन आठवड्यांत न भरल्यास डॉक्टरांस दाखवावी. लाजूं नये, थांबूं नये.